दोर कोठी तुटल?

बाबू, परवा तू फोनवर विचारलंस, "आजोबा, सगळ्यात चांगला दोर कोणता?" आणि मी काही बोलायच्या आत सांगूनही टाकलंस, की हिरवा, आठ पदरी, पन्नास पौंडाचा ब्रेड, म्हणजे विणलेला दोर, घेऊन ठेवलाय. घेतलास ते घेतलास, वाया जाणार नाही. पण पन्नास पौंड म्हणजे साडेबावीस किलो. एवढ्या ताकदीचा दोर तू फुटाळा तलावाच्या काठावर बसून तिलापियासाठी पाण्यात सोडणार. तो बुडात कशाला अडकला तर काय तुटेल? दोर तुटणार नाही. तुझा रॉड तुटेल, नाहीतर बोट कापेल. तुटलाच तर अगदी रिळापाशी तुटेल, आणि पन्नास-साठ मीटर हिरवी दोरी तलावात कायमची राहील. म्हणून दोर घेताना मी एकच गोष्ट आधी पाहतो, ती तुलाही पाहायला सांगतो. हा दोर तुटायचाच झाला, तर कुठं तुटेल?

हे माझं डोकं नाही. मी रेल्वेत लागलो तेव्हा सुट्टीच्या दिवशी इतवारीहून नागभीडची छोटी गाडी पकडायचो. ती नॅरोगेज २०१९ साली बंद झाली, रुंदीकरणासाठी. उमरेड, भिवापूर करत ती डुलत डुलत जायची आणि पुढे झाडीपट्टी लागली की दोन्ही अंगाला तळीच तळी दिसायची. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेली, पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेली, म्हणून माजी मालगुजारी, थोडक्यात मामा तलाव. तिथं एका तलावावर एक म्हातारे ढीवर मासेमार भेटले. सगळे त्यांना आजाच म्हणत, मीही म्हणू लागलो. मी शहरातून नवा जाड नायलॉनचा तंगूस घेऊन गेलो होतो, मोठ्या ऐटीत. तिसऱ्या-चौथ्या फेकीलाच गळ पाण्यातल्या बेशरमीच्या झुडपात अडकला. मी दोर हाताला गुंडाळून ओढला, पुन्हा ओढला, आणि तो माझ्या मुठीजवळ तटकन तुटला. उरलेला सगळा पाण्यात. मी दुसरा गळ बांधायला बसलो. आजांनी मात्र स्वतःचं जाळं टाकायचं सोडून डोंगा काढला आणि अर्धी दुपार त्या झुडपातून माझा तंगूस हाताहातानं सोडवून आणला. एक वाव मागे राहू दिला नाही. काठावर आल्यावर म्हणाले, "दोर कोठी तुटल, हे आधी पाहून ठेव गा. तुह्या हातापाशी तुटला त पूरा तलाव बिघडते."

त्यांच्या घरी बांबूच्या नळीला गुंडाळलेला एक जुना दोर होता, त्यांच्या बापाचा. कोशाचा. आपल्याकडे भंडारा-गडचिरोलीकडे ऐनाच्या झाडांवर कोसा पोसणारेही ढीवरच, तेव्हा रेशीम घरचंच. ते पिळून, ऐनाच्याच सालीच्या काढ्यात भिजवून, वाळवून तो दोर केलेला. मी तो नखावर ओढून पाहिला. इतका सरळ, इतका मऊ दोर मी पुन्हा हातात धरला नाही. पण त्याची बडदास्त फार. रोज संध्याकाळी दोन झाडांना ताणून वाळवावा लागे, नाहीतर कुजायचा. तिकडे स्पेनमध्ये मुर्सिया भागात तर रेशमाचा किडा कोश करायच्या आधीच शिरक्यात बुडवून, त्याच्या पोटातली रेशमाची ग्रंथी हातानं ताणून तिची तार काढत. सगळ्या युरोपातले हौशी लोक ती गळाजवळ बांधत. या सगळ्या दोरांत एक गुण होता, जो आपल्याला तेव्हा दोष वाटला. ते कुजत. तलावात राहिले तर कालांतरानं मातीत जात. १९३५ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्सनं नायलॉन बनवलं, १९३८ मध्ये त्याचे पहिले तंतू दात घासायच्या ब्रशात आले, आणि पाठोपाठ तेच तंतू गळाला लागले. हा दोर कुजत नाही. म्हणजे तुटल्यावर पुढं काय, ही जबाबदारी पाण्याकडून काढून आपल्या अंगावर आली.

आता तुझ्या दोराकडे येऊ. दुकानात तीन जातींचे मिळतात.

पहिला आपला तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी तंतू. माझं ऐकशील तर पहिली दोन वर्षं यापलीकडे जाऊ नकोस. तो ताणला जातो, हाच त्याचा मोठा गुण. तुटायच्या आधी आपल्या लांबीच्या पाव हिश्शाइतकाही लांबतो. रोहू-कतल्याचं तोंड मऊ, ओठ मांसल. मासा झटका मारतो तेव्हा तो झटका तंगूस पितो, ओठ फाटत नाही. शिकाऊ हाताची चूकही तोच पिऊन टाकतो. जाडी पाकिटावर मिलीमीटरमध्ये पाहा. तिलापियाला ०.२० पुरे. दोन-तीन किलोच्या रोहूला ०.३०. मोठ्या कतल्याला ०.४०. यापेक्षा जाड मी फक्त शिवड्यासाठी लावतो, तेही गळाजवळच्या वावभर भागात आणि मागचा दोर त्याहूनही मजबूत ठेवून, कारण त्याच्या जबड्यात बारीक दातांची कानस असते.

जाडीचं एक गणित डोक्यात बसव. जाडी दुप्पट केली की ताकद दुप्पट होत नाही, चौपट होते, कारण ताकद दोराच्या कापावर, म्हणजे त्या गोल चकतीच्या क्षेत्रफळावर असते. ०.२० वरून ०.४० वर जाणं ही छोटी उडी वाटते, पण बुडात अडकलेला दोर तोडायची वेळ आली की ती उडी कळते. उलटंही तितकंच खरं. दगडावर घासून दोराची जाडी थोडीच कमी झाली तरी ताकद बरीच जाते. म्हणून दर मासा काढल्यावर गळापासून हातभर दोर ओल्या ओठांतून ओढून पाहायचा. बोटाला न लागणारी खरखर ओठाला लागते. लागली की तेवढा तुकडा कापायचा, वाईट वाटून घ्यायचं नाही.

तंगूस पाणी पितो. तासाभरानं ओला तंगूस कोरड्याएवढा मजबूत राहत नाही. त्याहून घात करते ती गाठ. कोरडी गाठ आवळली की घासून गरम होते आणि तिथंच दोर अर्धा मेलेला असतो. गाठ तोंडात धरून थुंकीनं ओली करायची, मग सावकाश आवळायची. विश्वास नसेल तर घरी करून पाहा. एकाच तंगूसाचे दोन तुकडे घे, एकाची गाठ कोरडी बांध, दुसऱ्याची ओली. दोन्हींना आळीपाळीनं बादली टांग आणि लिटर लिटर पाणी ओतत जा. एक लिटर म्हणजे एक किलो, शिवाय बादलीचं वजन. कुठली गाठ कितव्या लिटरला गेली ते भिंतीवर लिहून ठेव. तुझ्या आजीनं माझ्या अशा आकड्यांनी भरलेली न्हाणीची भिंत वीस वर्षं सोसली. पाकिटावरच्या आकड्यापेक्षा मी त्या भिंतीवर जास्त भरवसा ठेवला.

आणि ऊन. आपल्या नागपूरचं ऊन तंगूसाचा सगळ्यात मोठा वैरी आहे. मे २०१३ मध्ये इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या दिवसांत मोटरसायकलच्या डिकीत किंवा गच्चीवर राहिलेलं रीळ फेकून द्यायच्याच लायकीचं. गरमीपेक्षाही उजेड वाईट. उन्हातल्या अतिनील किरणांनी नायलॉन आतून ठिसूळ होतं, दिसायला मात्र तसंच चकचकीत राहतं. मी रिळं काळ्या कापडात गुंडाळून घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात, गव्हाच्या कोठीमागे ठेवतो. दुकानातही शोकेसमध्ये उन्हात टांगलेलं घेऊ नकोस, आतलं काढायला सांग. घेताना वितभर दोर सोडून त्याला साधी गाठ मार आणि झटका दे. जुना असेल तर तिथंच समजेल. आणि दसऱ्याला, हत्यारं पुजायच्या आधी, रिळावरचा वापरलेला तंगूस उतरवून नवा भरायचा. हा माझा नेम आहे.

दुसरा तुझा ब्रेड, विणलेला. पॉलिथिलीनचेच धागे, पण त्यांचे रेणू फार लांब आणि एका दिशेनं ताणून बसवलेले, म्हणून त्याच जाडीच्या तंगूसाच्या दुप्पट-तिप्पट ताकद. तो पाणी पीत नाही, पाण्याहून किंचित हलका असल्यानं तरंगतो, आणि ताणला जवळजवळ जातच नाही. याचा उपयोग आहे. गोसीखुर्दच्या किंवा खिंडसीच्या पसाऱ्यात तू ऐंशी मीटरवर गळ टाकलास, तर तिथं माशानं नुसतं चाटलं तरी बोटाला कळतं. तंगूसात तो निरोप वाटेतच विरतो. आणि मरळ. मरळ दडते झुडपांत, कमळाच्या पानांखाली, आणि हवा घ्यायला वर येते. तिला पानांवरून सरकणाऱ्या रबरी बेडकानं उठवायची तर ब्रेडच हवा, कारण गळ लागला की ती एका दमात मुळांत घुसते. तिथं ताण खाणारा दोर कामाचा नाही.

पण मरळीबद्दल एक ऐकून ठेव. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा गुच्छ उकळल्यासारखा हलताना दिसला, तर त्याखाली आई-बाप राखणीला असतात. त्या वेळी ते कशावरही झडप घालतात, भुकेनं नव्हे, पिल्लांसाठी. तिथं गळ टाकायचा नाही. ते काढले तर सगळी पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात. आजा त्या जागेवरून डोंगासुद्धा वळवून न्यायचे.

ब्रेडचे दोष दुकानदार सांगत नाही, मी सांगतो. तो गुळगुळीत, त्यामुळं गाठ सरकते. तंगूसाला चार-पाच वेढे पुरतात तिथं याला सात-आठ घाल. रिळावर थेट भरू नकोस, आख्खा गोळा आतल्या आत फिरत राहील. खाली दहा-वीस वेढे तंगूसाचे दे, त्यावर ब्रेड. दगडावर तो लवकर कापला जातो. कन्हानच्या पात्रातल्या खडकांत मी एकाच सकाळी तीन वेळा गमावला, मासा एकदाही पाहिला नाही. झटका खाणारं काहीच नसल्यानं कतल्याचा ओठ फाटतो, म्हणून रिळाचा ब्रेक तंगूसापेक्षा सैल ठेवायचा. दोराच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शात रीळ सुटलं पाहिजे. वजनकाट्याला गळ अडकवून ओढून बघ, अंदाजानं ठेवू नकोस.

आणि अडकलेला ब्रेड हाताला गुंडाळून कधीही, कधीही ओढायचा नाही. तो हाडापर्यंत जातो. मी बोट गमावलेला माणूस पाहिलाय. हातभर दांडकं सोबत ठेव, दोर त्याला चार-पाच वेढे देऊन गुंडाळ, रॉड बाजूला ठेव, आणि सरळ मागे चालत जा.

तिसरा फ्लुरोकार्बन. जपानच्या कुरेहा कंपनीनं १९७१ मध्ये तो गळासाठी आणला. त्याची सगळी कीर्ती पाण्यात दिसत नाही म्हणून. कारण असं की प्रकाश पाण्यात जितका वळतो, जवळजवळ तितकाच या दोरात वळतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, याचा १.४२, नायलॉनचा १.५३ च्या आसपास. पण तू बसणार कुठं? फुटाळ्यात, अंबाझरीत, पावसानंतरच्या वेण्णेत. त्या हिरव्या-मातकट पाण्यात माशाला तुझा गळही धड दिसत नाही, दोराचं काय घेऊन बसलास? हिवाळ्यात, संक्रांतीच्या आगेमागे, खिंडसी किंवा नवेगाव खैरीचं पाणी निवळतं, तेव्हा गळाआधी वावभर लाव. जड असल्यानं तो खाली बसतो, पाणी पीत नाही, घासही जास्त सोसतो. आख्खं रीळ त्याचं भरणं म्हणजे पैशाची नासाडी. ताठ असतो, वेटोळी होऊन उसळतो आणि तू दिवसभर गुंता सोडवत बसशील.

आता तीन जाती कळल्या, तर आजांचं वाक्य त्यांना लाव. तुझा पन्नास पौंडाचा ब्रेड झाडीत मरळीसाठी राख. मोकळ्या पाण्यासाठी वीस पौंडाचा घे, म्हणजे नऊ किलो. त्याच्या टोकाला वाव-दीड वाव ०.३० चा तंगूस जोड, जो सहा-साडेसहा किलोला तुटतो. गाठ बांधल्यावर आणखी कमी. म्हणजे तुटायची जागा तू ठरवलीस, गळाच्या गाठीपाशी. मागे राहील तो एक गळ, दोर सगळा परत येईल. हातात आहे त्याहून पुढचा भाग नेहमी कमकुवत. रीळ, मग दोर, मग जोड, मग गळ, असं उतरत उतरत जायचं. नवशिके नेमकं उलटं करतात. गळाजवळ सगळ्यात मजबूत बांधतात, कारण मासा तिथं आहे.

आणखी एक टप्पा आहे आणि तो शहरातल्या तलावांसाठी फार महत्त्वाचा आहे. फुटाळ्यात वर्षानुवर्षं गणपती-दुर्गेचं विसर्जन झालं. मूर्तींच्या सांगाड्यांच्या लाकडी पट्ट्या, सुतळ्या, तारा बुडाला असतातच. तिथं अडकतो तो गळ क्वचित, बहुतेक वेळा वजन. म्हणून वजन मुख्य दोराला बांधायचंच नाही. गळाच्या वर एक छोटा फाटा काढ, आणि वजन त्या फाट्याला साध्या शिवायच्या सुती दोऱ्यानं बांध. अडकलं की सुती दोरा तुटतो, मासा आणि गळ दोन्ही हाती. सुती दोरा पाण्यात कुजून जातो. आणि शिशाऐवजी दगड बांध, लांबट, मधे खाच असलेला. शिसं विषारी आहे, बदकं-पाणकोंबड्या खडे समजून गिळतात. वेण्णेच्या पात्रात असे दगड हवे तेवढे मिळतात. पिशवीभर आणून ठेवलेत मी तुझ्यासाठी.

हे इतकं पोटतिडकीनं का सांगतो, ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी फुटाळ्याच्या काठावरच्या झाडाला मला एक खंड्या लटकलेला दिसला. पंखात तंगूसाचे तीन वेढे, दुसरं टोक फांदीत. जिवंत होता. मी आणि एका चहावाल्याच्या पोरानं शिडी लावून उतरवला, कात्रीनं दोर कापला, पण पंख सांध्यातून गेला होता. संध्याकाळपर्यंत माझ्या टोपीत होता, मग मेला. निळा असा की टोपीला त्याचा रंग लागेल असं वाटावं. खंड्याचं मराठीतलं दुसरं नाव माहीत आहे तुला? धीवर. ज्यांनी मला दोर शिकवला त्यांच्या जातीचं नाव त्या पाखराला आहे, कारण दोघांचं पोट एकाच पाण्यावर. त्या दिवशी मला नागभीडचा तो डोंगा आठवला. ते अर्धी दुपार कशासाठी झुडपात वाकले होते, ते मला तेव्हा कळलं, तीसेक वर्षांनी.

आपल्या शहराला तर हे वेगळं सांगायला नको. संक्रांतीला नायलॉन मांजानं गळे कापलेली माणसं नागपूरनं पाहिली आहेत. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये सगळ्या देशात त्यावर बंदी आणली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानंही हा विषय हाती घेतला, तरी तो चोरून येतोच. तुझे मित्र स्वस्तात चक्री देतो म्हणतील, गळाला चालेल म्हणतील. घेऊ नकोस. बंदी असलेला माल घरात आणायचा नाही, हे एक. त्यावर काचेची भुकटी असली तर रॉडच्या कड्या दोन दिवसांत खरवडून निघतील, हे दुसरं. आणि तुझा तंगूस पतंगाला कोणी मागितला तर देऊ नकोस, भावानं मागितला तरी.

बाकी थोडक्यात. तोतलाडोहला जायचा विचारही करू नकोस, ते पेंच व्याघ्र प्रकल्पाचं पाणी आहे, तिथं मासेमारीला बंदी आहे. मामा तलावांवर आणि धरणांवर मच्छीमार संस्थांचा ठेका असतो, तिथं आधी संस्थेत जाऊन विचारायचं, फी असेल ती भरायची. त्यांचं बीज त्यांनी सोडलेलं असतं. जाळ्याच्या तरंड्यांजवळ गळ टाकायचा नाही.

रविवारी पहाटे पाचला ये. ब्रेड आण, आपण त्याच्या खाली तंगूस भरू आणि पुढं जोडाची गाठ बांधू. मी दाखवीन, मग तू दहा वेळा बांधून दाखवायचीस. लोणच्याची रिकामी बरणी पण आण, झाकणाची. कापलेला प्रत्येक तुकडा, वितभराचा असो की बोटभराचा, तिच्यात टाकायचा, घरी आणायचा आणि कात्रीनं नखाएवढा बारीक करून मगच कचऱ्यात. दुसऱ्याचा काठावर पडलेला दिसला तर तोही. माझी बरणी गेल्या पावसाळ्यापासून तिसऱ्यांदा भरत आली आहे.